थोडंच राहिलंय

१

शुक्रवारी चारच्या सुमारास पेनी मागच्या खोलीत चटई अंथरतो, हिरवा प्लास्टिकचा टब मधोमध ठेवतो आणि फडक्यात बांधलेली यांगोनाच्या मुळांची पूड पाण्यात पिळायला घेतो. आम्ही सगळे त्याला ग्रॉगच म्हणतो. गढूळ, मातकट, जीभ बधिर करणारं पाणी. पण त्याचा वास सुटला की आमच्या बेटांच्या राजधानीतल्या, सुवातल्या कुठल्याही ऑफिसासारखं आमचंही ऑफिस खुर्च्यांवरून उठून जमिनीवर येतं. दावे विभागातल्या बायका चपला काढून येतात, बाहेर पाऊस पडत असतो (सुवात तो पडतच असतो), आणि साहेब काय, शिपाई काय, एकाच चटईवर मांडी घालून बसतात.

रीत सोपी आहे. पेनी नारळाच्या करवंटीत ग्रॉग भरून एकेकाला देतो. घेणाऱ्यानं तळवे खोलगट करून एक टाळी वाजवायची, 'बुला' म्हणायचं आणि एका दमात करवंटी रिकामी करायची. मग सगळ्यांनी मिळून तीन टाळ्या. की पुढचा.

मी विमलेश नारायण. या विमा कंपनीत सिस्टीम्स अ‍ॅनालिस्ट. नोकरीला लागलो तेव्हाही सिस्टीम्स अ‍ॅनालिस्टच होतो. मधल्या काळात माझे केस गेले, चष्मा आला, लग्न झालं, मुलगी झाली. दारावरची पाटी तेवढी तशीच राहिली. कारण साधं आहे. कंपनीच्या सगळ्या पॉलिसी ज्या जुन्या सिस्टीमवर चालतात, ती आता माझ्याशिवाय कुणालाच उमगत नाही. आम्ही तिला म्हातारी म्हणतो. म्हातारी बसली की मला बोलावतात, मी तिची समजूत काढतो, ती उठते, आणि सगळे म्हणतात, "विमलेश, तुझ्याशिवाय चालायचं नाही बाबा." हे वाक्य ऐकायला गोड लागतं. त्याचा अर्थ मात्र असा की बढतीच्या वेळी दरवर्षी माझ्या तोंडाला पानं पुसली जातात. मला वर चढवलं तर म्हातारीपाशी कोण बसणार?

त्या शुक्रवारी करवंटी माझ्याकडे आली. मी प्यायलो. तीन टाळ्या झाल्या, आणि चौथी वाजली.

हलकीच. किंचित उशिरा. ती माझ्या पाठीमागून आली, आणि माझ्या पाठीमागे सर्व्हर रूमच्या बंद दाराखेरीज काही नव्हतं.

२

मी घाबरलो नाही, हे आधीच सांगतो. मला मौज वाटली. आमच्या धंद्यात माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला, तरच तो बिघाड. नाहीतर तो मनाचा खेळ.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच मागच्या खोलीत गेलो, मांडी घालून बसलो आणि टाळ्या वाजवल्या. काही नाही. दाराकडे तोंड करून वाजवल्या, भिंतीकडे करून वाजवल्या. नुसती आतल्या सर्व्हरच्या पंख्यांची घरघर. तेवढ्यात पेनी डबा घेऊन आला आणि दारातच थांबला.

"काय रे मेव्हण्या, एकटाच? बायको ब्रिस्बेनला गेल्यापासून भिंतींना टाळ्या देतोस होय?"

पेनी म्हणजे आपेनिसा. आमचा नेटवर्कवाला, सहा फुटी, कमरेला सुलूची लुंगी, हसला की खिडकीच्या काचा हलतात. त्याच्या लोकांत आतेमामेभावंडांना एकमेकांची टर उडवायचा हक्क असतो. माझं त्याचं नातं नाही, गोत नाही, पण तो हक्क त्यानं परस्पर माझ्यावर बजावून घेतलाय.

"शुक्रवारी चौथी टाळी ऐकलीस?" मी विचारलं.

"कधीची वाजते ती," तो डबा उघडत म्हणाला. "तुला आत्ता ऐकू आली?"

"म्हणजे? कोण वाजवतं?"

"मला काय माहीत? मी वाढणारा माणूस. जो बसलाय त्याला द्यायचं, एवढंच बापानं शिकवलं. दालोचा कंद खाणार?"

मग मला आठवलं की तो दर शुक्रवारी एक करवंटी सर्व्हर रूमच्या दाराशी नेऊन ठेवतो. मी ते इतक्यांदा पाहिलं होतं की पाहायचंच सोडून दिलं होतं. माझी समजूत अशी होती की झाडूवाली बाई ती उचलून पिते. मी जाऊन तिलाच विचारलं. ती पक्की चर्चला जाणारी. जिंदगीत ग्रॉगला शिवले नाही, म्हणाली, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या टेबलाखालची धूळ तिनं काढली नाही.

३

पुढच्या शुक्रवारी मी सर्व्हर रूममध्ये, दारापासून दूर, म्हातारीच्या कपाटावर माझा जुना मोबाइल ठेवला. आवाज टिपायला चालू करून. दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि चटईवर जाऊन बसलो.

ग्रॉग रंगात आला होता तेव्हा खिशातला दुसरा फोन वाजला. एश्ना. माझी मुलगी शाळेतून आली की शुक्रवारी हमखास व्हिडिओवर येते, कारण तिला सगळे एकदम भेटतात. पेनीनं फोन माझ्या हातातून हिसकावला.

"काय गं ढमे! कांगारू खाल्लास का?"

"पेनीकाका, शी!" तिकडून किंचाळणं आलं. मग ती आमच्याबरोबर तीन टाळ्या वाजवून गेली. तळवे अगदी बरोब्बर खोलगट करून. शेवटी नेहमीचा प्रश्न आला. "पप्पा, तुम्ही कधी येणार?"

"थोडंच राहिलंय बाळा. संपवून येतो."

"मागच्या वेळी पण थोडंच होतं."

फोन तिच्या आईनं घेतला. निलेश्नी नर्स आहे. तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि ती पोरीला घेऊन पुढं गेली. मी म्हातारीवरचा सगळा माल नव्या सिस्टीमवर हलवून मागोमाग जायचं ठरलं होतं. तिकडे माझ्यासाठी नोकरीही ठरली होती. ते लोक महिनाअखेरपर्यंत थांबणार होते.

"विमलेश," ती हळू आवाजात म्हणाली, "मी आता भांडणार नाही. महिनाअखेर आलास तर ये. नाहीतर मी पोरीला सांगून टाकते की तुझे पप्पा तिथंच राहतात. रोज वाट पाहण्यापेक्षा ते बरं."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी 'येतो गं' म्हणालो आणि पुढची करवंटी घेतली.

सगळे गेल्यावर मी मोबाइल काढून आणला आणि माझ्या टेबलाशी बसून कानाला लावला. आतली घरघर. तिच्यामागे खूप लांबून, भिंतीपलीकडून आलेलं आमचं हसणं आणि आमच्या पुसट टाळ्या. एक, दोन, तीन. मग चौथी.

चौथी पुसट नव्हती. ती मोबाइलच्या अगदी जवळ वाजली होती. हाताच्या अंतरावर. आणि नीट कान दिला तेव्हा लक्षात आलं की ती एका माणसाची टाळीही नव्हती.

माझ्या मनात पाल चुकचुकली. तरी खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती. कित्येक वर्षांत या ऑफिसात मला उकलता न येणारं असं काही घडलंच नव्हतं.

४

त्या टाळ्यांत एक जरा विचित्र होती. दोन ठोके, एक लांब, एक तोकडा. ती मी ओळखत होतो. जोपेच्या उजव्या हाताची दोन बोटं लहानपणी होडीच्या इंजिनात गेली होती. त्याची टाळी अशीच फुटकी वाजायची.

जोपे माझा शिकाऊ. मीच त्याला घडवला. तीन वर्षांपूर्वी त्याला ऑकलंडहून नोकरीचं पत्र आलं आणि तो दोन दिवसांत गेला. राजीनामा ईमेलनं. चटईवर बसला नाही, कुणाला भेटला नाही. त्याआधी गेलेलेही बहुतेक असेच गेले होते. कुणी रजेवर म्हणून गेलं आणि परत आलं नाही, कुणी रविवारी विमानतळावरून फोन केला. चांगली नोकरी चालून आली की कोण थांबतं?

मी जोपेला फोन लावला. त्याच्यामागे उंच खिडकी, खाली पाणी, पाण्यावर पांढऱ्या होड्या.

"सर! अजून तिथंच?"

"तिथंच. तू कसा आहेस? साहेब झालास म्हणे."

"झालो ना. हाताखाली माणसं आहेत, गाडी आहे." त्यानं फोन तोंडाजवळ आणला. "सर, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"मी तुम्हाला तिथं कधी दिसतो का?"

मी हसलो नाही.

"इथं सगळं चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मी अजून पोचलोच नाहीये असं वाटतं. मीटिंगमध्ये बसतो, लोक बोलतात, मी मान हलवतो. परवा माझी साहेबीण म्हणाली, जोपे, तू असतोस कुठे? दोन नोकऱ्या बदलल्या, वाटलं नोकरीचाच दोष. बायको म्हणते डॉक्टरला दाखव. आणि शुक्रवारी दुपारी..." त्यानं हात कॅमेऱ्यासमोर धरला. "शुक्रवारी हे तळवे जळजळतात हो. खूप टाळ्या वाजवल्यासारखे."

त्याचा तळवा लालबुंद होता. त्या दिवशी शनिवार होता.

५

"तताऊ," पेनी म्हणाला.

आम्ही सुवाच्या बाजारात होतो, वरच्या मजल्यावर, जिथं यांगोनाची मुळं जुड्या करून विकायला ठेवतात. मी त्याला सगळं सांगितलं होतं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो एक जुडी उचलून नाकाशी नेत राहिला.

"कुणाच्या घरात आलास की मूळ पुढं ठेवून आत यायची परवानगी मागायची. मागतोस ना?"

"मागतो."

"मग निघतानाही मागायची असते. जाऊ का, असं विचारायचं. घरानं म्हणायचं, जा. त्याला तताऊ म्हणतात. घर जा म्हणालं की माणूस सुटला." त्यानं जुडी ठेवून दुसरी घेतली. "ऑफिस म्हणजे घर नव्हे, असं त्या सगळ्यांना वाटलं असणार. ईमेल टाकलं की झालं. पण अरे मेव्हण्या, चटईवर बसून इतकी वर्षं प्यायलास ना? मग घर नाही तर काय?"

"म्हणजे जोपे आत बसलाय, असं म्हणायचंय तुला?"

"मला काही म्हणायचं नाही. तो तर ऑकलंडला आहे. तू आत्ताच बोललास त्याच्याशी." त्यानं एक जाडजूड जुडी माझ्या हातात कोंबली. "ही घे. चिंधी मुळं आणून माझी लाज काढू नकोस. आणि ऐक. एकदाच मागायचं, मिळालं की गप्प बसायचं. पुढं एक शब्द नाही."

मी ती जुडी छातीशी धरून बसस्टँडकडे चाललो. पावसात भिजत चाललो होतो आणि मला चक्क आनंद झाला होता. शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न त्यात नव्हता. आनंद याचा की मी निघालो होतो. टाळीचा शोध घेता घेता माझं बूड एकदाचं हललं होतं.

सोमवारी मी राजीनामा दिला. म्हातारीवरचं काम पुरं झालं नव्हतं. ते कधीच होणार नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी दर महिन्याला जेवढं हलवत होतो, तेवढ्याच नव्या पॉलिसी तिच्यावर चढत होत्या. आणि त्या चढू देणारा मीच होतो.

६

माझ्या शेवटच्या शुक्रवारी दावे विभागातल्या बायकांनी मला जास्वंदीच्या फुलांचा निळा सदरा शिवून आणला. तोच घालून मी चटईवर बसलो. समोर उनाइसी मॅडम. त्या माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून आल्या होत्या, आता विभागप्रमुख आहेत. अजूनही मला मास्तर म्हणतात. मनानं फार चांगल्या आहेत, आणि मला सोडायचं त्यांच्या मनात नव्हतं, हेही तितकंच खरं.

मी जुडी पुढं ठेवली आणि पेनीनं पढवलेले शब्द म्हटले. मी या घरात आलो, इथं खाल्लं, इथं बसलो. आता जायची परवानगी द्या. पेनीनं घराच्या वतीनं जुडीला हात लावला. टर उडवणारा पेनी तो नव्हताच. खर्जात, सावकाश, त्याच्या बापजाद्यांच्या भाषेत तो बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, जा. सगळ्यांनी खोल टाळ्या वाजवल्या.

मी कान टवकारले. एक, दोन, तीन.

आणि शांतता. पंख्यांची घरघर सोडून काही नाही.

मला रडू आलं. किती वर्षांनी इतकं हलकं वाटलं सांगता यायचं नाही. पेनीनं पहिली करवंटी मला दिली, मी प्यायलो. एक बाई डोळे पुसायला लागली. दुसरीनं गोळ्यांचा डबा फिरवला. उनाइसी मॅडमही हसल्या. मग सहज, अगदी सहज, त्यांनी विचारलं:

"पण मास्तर, म्हातारी बसली तर हो?"

हा प्रश्न मी उभ्या जन्मात हजार वेळा ऐकला असेल. त्याचं उत्तर डोक्यातून येतच नाही, ते जिभेवरच बसलेलं असतं.

"कधीही हाक मारा, मॅडम," मी म्हणालो. "मी आहेच ना इथं."

पेनीच्या हातातली करवंटी हवेतच थांबली.

दारामागून टाळी वाजली. या वेळी एकच, ठसठशीत, खोलगट. करवंटी स्वीकारताना वाजवतात तशी.

गोळ्यांचा डबा फिरायचा थांबला. पेनी अगदी हळू म्हणाला, "अरे, हे काय बोलून बसलास."

मी उठलो. सर्व्हर रूमच्या दाराला एक अरुंद काच आहे. मी तिला कपाळ लावलं. आत अंधार, हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि दोन कपाटांमधल्या बोळात जमिनीवर माणसं बसली होती. पाठमोरी. किती, ते मी मोजलं नाही. दिव्यांच्या उजेडात खांदे तेवढे दिसत होते. मी पाहत असतानाच मधले दोघं गुडघे आवरून जरासे बाजूला सरकले. उशिरा आलेल्याला जागा करून द्यायला सरकतात, तसे. आणि त्या जागेत कुणीतरी सावकाश मांडी घालून टेकलं.

त्याच्या पाठीवर निळ्या कापडावरची जास्वंद होती.

काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडतं हे कळण्याइतका मी शिकलेला आहे. मी स्वतःला तेच सांगितलं. पण काचेत आपण आपल्याला पाठमोरे दिसत नाही.

"पुन्हा मागतो," मी पेनीकडे वळून म्हणालो. "अजून मुळं आणतो. आत्ता जातो बाजारात."

पेनीनं मान हलवली. "एकदाच मागतात रे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "उद्या विमान आहे ना? जा तू. जा, मेव्हण्या. पोरगी वाट बघतेय."

त्यानं एक करवंटी भरली आणि मला ओलांडून दाराशी नेऊन ठेवली.

७

ब्रिस्बेनचं काम चांगलं आहे. माझ्या नावाच्या पाटीवर 'प्रमुख' असा शब्द आहे, आणि हाताखाली हुशार पोरं आहेत. कुणी मला म्हणत नाही की तुझ्याशिवाय चालायचं नाही. याच दिवसासाठी मी तडफडत होतो. मी मीटिंगमध्ये बसतो, लोक बोलतात, मी मान हलवतो.

निलेश्नी खूश आहे. पहिले काही दिवस ती ताटं दोनच घ्यायची. मग जीभ चावून तिसरं आणायची. सवय असते माणसाला, मी समजू शकतो. एकदा तिनं मला हलवून विचारलं, "मी इतका वेळ तुझ्याशी बोलतेय, तू आहेस कुठं?" मी तिचा हात धरला. मला तिच्यावर फार प्रेम वाटलं आणि ते तिच्यापर्यंत पोचत नाहीये असंही वाटलं. तिनं माझा तळवा उलटा करून पाहिला. "ही लाली कसली रे?" म्हणाली, आणि मलम लावून दिलं.

निळा सदरा मी सुवातच सोडून आलो होतो. पेनीला देऊन टाकला आणि सांगितलं, जाळ.

आज शुक्रवार. आज मी घरूनच काम करतो. दुपारी एश्ना शाळेतून आली, माझ्या समोरून गेली, दप्तर टाकलं आणि तिच्या खोलीत शिरली. थोड्या वेळानं तिचं हसणं ऐकू आलं. मग बोलणं. ती कुणाला तरी शाळेतली गंमत सांगत होती, सगळी, अगदी तपशिलानं. मला ती हल्ली इतकं सांगत नाही. मी चहाचा कप ठेवून तिच्या दाराशी गेलो.

ती पालथी पडून टॅबलेटवर बोलत होती. पडद्यावर चटई दिसत होती, हिरव्या टबाची कड दिसत होती. तिकडचा फोन कुणीतरी मांडीवर टेकवून धरला असावा, कारण त्याचा चेहरा चौकटीबाहेर होता. फक्त एक बाही दिसत होती. निळी, जास्वंदीची.

"एश्ना," मी विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

तिनं मागे वळून पाहिलं. घरी आलेल्या पाहुण्याकडे मुलं पाहतात तसं, जरा लाजून, शहाण्यासारखं.

"पप्पांशी," ती म्हणाली.

पडद्यातून कुणीतरी काहीतरी बोललं. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण आवाज ओळखीचा होता. तिनं मान वळवून तो नीट ऐकून घेतला आणि समजूत घातल्यासारखं मला सांगितलं:

"थोडंच राहिलंय म्हणतायत. संपवून येणार आहेत."

मग तिनं पडद्याकडे तोंड केलं, तळवे अगदी बरोब्बर खोलगट केले, आणि त्यांच्याबरोबर तीन टाळ्या वाजवल्या.

माझे हात माझ्या दोन्ही बाजूंना लोंबकळत होते. चौथी टाळी वाजली तेव्हा ते जळजळले.